अजून ठरलं नाही? मग एक दिवस कॉलेज बघून या

कुंभार पिंपळगावात अकरावी-बारावीच्या मुलाला 'पुढे काय करणार?' असं विचारलं की तो बहुतेक वेळा खाली बघतो. घरचे चिडतात. पण त्यानं रोज पाहिलंय काय? डॉक्टर, मास्तर, पोलीस, कृषी सेवा केंद्र, मोबाईलचं दुकान. फार्मसीची प्रयोगशाळा किंवा विद्यापीठातलं ग्रंथालय ज्यानं पाहिलंच नाही, त्यानं ते निवडायचं कसं?

आणि त्याचं ठरलं नाही म्हणून घर थांबत नाही. मुलगा असेल तर मामूच्या दुकानावर किंवा गॅरेजवर बसवतात. मुलगी असेल तर 'ठरलं नाही ना, मग कशाला शिकवायचं' म्हणत स्थळं यायला लागतात. न ठरवणं हाही आपल्याकडे एक निर्णयच होऊन बसतो, आणि तो मुलांनी घेतलेला नसतो.

म्हणून अर्ज भरण्याआधी दोन छोट्या फेऱ्या करा. एका दिवसात एक, आणि प्रत्येक फेरीत दोनच ठिकाणं. पाच-सहा कॉलेजं एका दमात पाहिली की पोरं थकतात आणि शेवटी सगळ्यालाच 'चांगलं आहे' म्हणतात. दोन ठिकाणं एकमेकांपेक्षा वेगळी असावीत. उद्देश कॉलेज पक्कं करण्याचा नाही, 'हे आपल्याला नको' एवढं कळण्याचा आहे. ते कळलं तरी भाडं वसूल.

पहिली फेरी जवळची, जालना आणि बदनापूर. जालन्यात १९५८ पासून चालत आलेलं जेईएस कॉलेज आहे. कला, वाणिज्य, विज्ञान तिन्ही एकाच आवारात दिसतात. बदनापूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं कृषी महाविद्यालय आणि संशोधन केंद्र आहे. आपल्याकडे पेरली जाणारी बीडीएन ७११ तूर तिथलीच. शेतीला कंटाळलेल्या मुलालाही बियाणं तयार होण्यामागचं शास्त्र पाहून वेगळं वाटू शकतं. वेळ उरला तर मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं २०१८ साली जालन्यात सुरू झालेलं केंद्र निदान बाहेरून तरी दाखवा. एवढी नावाजलेली संस्था आपल्याच जिल्ह्यात आहे, हे कितीतरी घरांना माहीत नाही.

दुसरी फेरी छत्रपती संभाजीनगरची (औरंगाबाद). परतूर गाठून रेल्वेनं गेलं तर सोपं पडतं. अजून न ठरलेल्या मुलासाठी रौझाबागचं आवार मला सगळ्यात सोयीचं वाटतं. डॉ. रफिक झकेरियांनी १९६३ साली उभं केलेलं मौलाना आझाद कॉलेज तिथं आहे आणि फार्मसीचं कॉलेजही त्याच आवारात. एका चकरेत दोन-तीन वाटा दिसतात. दुपारनंतर विद्यापीठ परिसर आणि जवळचं नागसेनवन पाहा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय तिथलंच. इंजिनिअरिंगची ओढ असेल तर विद्यापीठाऐवजी उस्मानपुऱ्याकडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज घ्या.

जायचं कामाच्या दिवशी. जूनमध्ये नको, तेव्हा नुसत्या रांगा दिसतात. दिवाळीनंतरचे दिवस बरे. सध्या रमजान बारावीच्या परीक्षेच्या आसपास येतोय, तेव्हा ते लांबवू नका. शुक्रवार टाळला तर जुम्याची धावपळ होत नाही. आदल्या दिवशी कॉलेजच्या कार्यालयात फोन करा, आधार कार्ड जवळ ठेवा. अम्मीला जरूर न्या. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, आणि मुलीला वसतिगृहात ठेवायचं की नाही हा प्रश्न शेवटी तिच्याच काळजाशी येऊन थांबतो. वसतिगृह तिनं आपल्या डोळ्यांनी पाहावं: न्हाणीघर, दाराची कडी, मेसचं जेवण, गेट बंद होण्याची वेळ. वॉर्डनशी दोन शब्द बोलावं.

आवारात गेल्यावर अब्बांनी थोडं मागे राहावं. प्रश्न मुलानं विचारायचे, चुकतमाकत का होईना. प्राध्यापकांपेक्षा दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा, जालना जिल्ह्यातला कुणी भेटला तर उत्तम: तास खरंच होतात का? प्रॅक्टिकल स्वतःच्या हातानं करायला मिळतं का? मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्याला पहिलं वर्ष कसं गेलं? शेवटचा प्रश्न आपल्या मुलांच्या मनात असतोच, पण लाजेनं ते विचारत नाहीत.

कार्यालयातून पूर्ण वर्षाच्या खर्चाचा कागद मागा: फी, परीक्षा, वसतिगृह, मेस, अनामत. कुणी 'आत्ताच सीट बुक करा' म्हणालं तर एक रुपया देऊ नका. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी यांचे प्रवेश सीईटी आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून होतात.

परतीच्या प्रवासात 'आवडलं का?' विचारू नका. मुलं आपल्याला बरं वाटेल तेच बोलतात. 'यातलं काय नको वाटलं?' असं विचारा आणि उत्तर वहीत लिहून घ्या. त्यावर गाडीतच वाद घालू नका.

एक काम मात्र त्याच आठवड्यात करा. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल तर, केंद्रीय प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत येतात. पण जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि जात पडताळणी हातात नसेल तर माफी कागदावरच राहते. पडताळणीला महिने लागू शकतात, आजोबांच्या काळातली नोंद शोधावी लागते. कॉलेज अजून ठरलं नसलं तरी हा अर्ज आजच करता येतो.