ठिपक्यांवरून ओळख

गालापागोस द्वीपसमूहाच्या उत्तर टोकाला असलेल्या डार्विन बेटापाशी शार्क अभ्यासायला उतरलेल्या पाणबुड्याचं पहिलं काम म्हणजे खडक धरून बसणं. प्रवाहच तसा असतो! वरून हॅमरहेडचे थवे जातात. श्वासाचे बुडबुडे फार सोडले तर ते दूर पळतात. (घाबरायचं कुणी कुणाला, हा प्रश्नच आहे.)

मग निळ्या पाण्यातून बसएवढा व्हेल शार्क येतो. झटकन त्याच्या डाव्या कुशीला जायचं आणि कल्ल्यांमागच्या ठिपक्यांचा फोटो घ्यायचा. ही नक्षी प्रत्येकाची वेगळी, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. ती जुळवणारी संगणकीय पद्धत मुळात खगोलशास्त्रज्ञांची आहे: ताऱ्यांचे त्रिकोण जुळवायची. कॅमेऱ्याला दोन समांतर लेझर लावलेले असतात. अंगावर पडलेल्या त्या दोन टिंबांमधलं अंतर ठरलेलं, त्यावरून माशाची लांबी निघते.

इथे दिसतात त्या बहुतेक प्रौढ माद्या. त्या पिल्लं कुठे घालतात, हे अजून कुणी पाहिलेलं नाही. म्हणून काहींच्या पाठीच्या परावर उपग्रह-टॅग बसवतात. 2016 साली इक्वाडोरने इथे अभयारण्य जाहीर केलं खरं, पण टॅग दाखवतात की माद्या हद्द ओलांडून खुल्या समुद्रात जातात, आणि तिथे मासेमारीची जहाजं उभी असतात.