शिफ्टवरचं बोट
गेम खेळताना : लेखांक ५

आमच्या संगणक क्लासमध्ये संगणक तीन आणि मुलं बारा. शनिवारी शेवटची वीस मिनिटं सर ‘प्रिन्स’ लावू द्यायचे, तेव्हा एका कीबोर्डवर दोघं बसायचे आणि दोघं मागे उभे राहून ओरडायचे. माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, बाणांच्या बटणांवर आणि मी शिफ्टवर. शिफ्ट दाबून धरलं की राजपुत्र जपून पाऊल टाकायचा, कड्याला लटकायचा, बाटलीतलं औषध प्यायचा आणि लढाईत वार करायचा. म्हणजे पळणं दादाचं. जपणं आणि मारणं माझं. ही वाटणी अशी पक्की झाली की आजही तो गेम डोळ्यांसमोर आला की माझी डाव्या हाताची करंगळी आपोआप खाली दबते.

मागच्या लेखांकात गेममधल्या नकाशांबद्दल लिहिलं आणि गोष्टीचा विषय या आठवड्यावर ढकलला. गोष्टीबद्दल लिहायचं तर मला प्रिन्सपासूनच सुरुवात करावी लागते.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने केला आणि तो १९८९ साली बाजारात आला. गोष्ट म्हणाल तर चार ओळींची. सुलतान लढाईवर गेलेला, वजीर जाफर राजकन्येला कोंडून म्हणतो, माझ्याशी लग्न कर नाहीतर मर, आणि विचार करायला तिच्याकडे एक तास. राजपुत्र तळघरात कैद. तो एक तास म्हणजे खेळणाऱ्याच्या घड्याळातली साठ मिनिटं. मधूनमधून राजकन्येची खोली दिसते, वाळूच्या घड्याळातली वाळू खाली गेलेली असते, आणि काही सेकंदांत आपण पुन्हा तळघरात. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला, लटकायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली एकेक करून काढल्या. म्हणून तो पडला की आपल्यालाही लागायचं.

चौथ्या लेव्हलला बाहेर जायचं दार उघडतं आणि ज्या वाटेने आलो त्याच वाटेवर एक आरसा उभा राहिलेला दिसतो. आधी तो तिथे नव्हता. दुसरी वाट नाही. खूप वेळ आम्ही त्याच्यापुढे नुसते उभे राहायचो. शेवटी पळत येऊन उडी मारायची; आपण आरशातून इकडे पडतो आणि त्याच क्षणी आपल्यासारखाच एक जण उलट्या दिशेने बाहेर पडून पळून जातो. खालच्या कोपऱ्यातले जिवाचे त्रिकोण झरकन उतरून एकच उरतो. ना कुणी काही बोलत, ना पडद्यावर अक्षरं येत. आपल्यातलं काहीतरी निघून गेलं, एवढं मात्र शरीराला कळतं.

पुढच्या लेव्हलला आपल्याला हवी असलेली बाटली तोच आधी येऊन पिऊन जातो. त्याच्या पुढच्या लेव्हलला आपल्यासमोर दरवाजा पाडतो आणि आपण खाली कोसळतो. मग बाराव्या लेव्हलपर्यंत तो दिसत नाही. तिथवर सरळ खेळत जाण्याइतका वेळ क्लासमध्ये कुणाकडेच नव्हता. ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप करून गेम सुरू केला की लेव्हल ओलांडता यायच्या; हा मंत्र क्लासमध्ये सगळ्यांना पाठ होता. त्या जोरावर आम्ही बाराव्या लेव्हलला पोचलो. तिथे तो तलवार काढून समोर उभा.

मी वार केला. त्याचा एक त्रिकोण गेला आणि आपलाही गेला. पुन्हा वार, पुन्हा दोघांचा एकेक. तो मेला आणि आपणही मेलो. तीन शनिवार असेच गेले. वार चुकतोय, वेळ चुकतेय, असं वाटून मी शिफ्ट आणखी जोरात बडवायची. चौथ्या शनिवारी दादा म्हणाला, “शिफ्टवरून बोट काढ.” मी काढलं. त्याने खालचा बाण दाबला, राजपुत्राने तलवार म्यान केली. समोरच्यानेही केली. दादाने राजपुत्राला सरळ त्याच्या अंगावर पळवत नेलं आणि पडदा लखकन चमकला. दोघांचा एक झाला. पुढे दरी होती, तिच्यावर पूल नव्हता. पाऊल टाकत गेलो तसतशी पायाखाली फरशी येत गेली.

मागे उभी असलेली दोन्ही मुलं गप्प झाली होती. मला त्या वयात ‘स्वतःशी लढून जिंकता येत नाही’ असं कुणी फळ्यावर लिहून दाखवलं असतं तर मी ते वहीत उतरवून विसरून गेले असते. तिथे ते मला बोट उचलून कळलं.

आरशातून निघालेली ही सावली मेकनरने सुरुवातीला योजलेली नव्हती. ज्या अॅपल टू संगणकावर तो गेम करत होता त्याची मेमरी राजपुत्राच्या हालचालींनीच भरून गेली होती. सहकारी म्हणत होते, नुसत्या उड्या काय, लढाई हवी, शत्रू हवा; पण शत्रूची वेगळी चित्रं ठेवायला जागाच नव्हती. मग त्याने राजपुत्राचीच चित्रं घेऊन, ती किंचित सरकवून एकमेकांवर टाकली, तशी एक चमचमती भुतासारखी आकृती तयार झाली. जागा नव्हती म्हणून शत्रू आपल्यासारखा दिसू लागला, आणि तो आपल्यासारखा का दिसतो याचं उत्तर गोष्टीने शोधून काढलं. पहारेकरी नंतर आले. गेम करणाऱ्यांबद्दल मला जो आदर वाटतो त्याचं कारण अशा जागा आहेत. नाटकवाल्याकडे एकच पडदा असेल तर तो त्याच्यातूनच समुद्रही करतो आणि महालही; हे तसंच.

आता उलट बाजू. आज माझ्याकडे खेळायला रात्री दहा ते अकरा हा तास असतो, तोही घरातलं सगळं आवरलं तर. मध्यंतरी एक मोठा, महागडा, सगळीकडे गाजलेला गेम घेतला. त्यातल्या एका राक्षसाशी लढण्याआधी चार मिनिटांचा कटसीन, म्हणजे नुसता बघायचा प्रसंग, होता. सुंदर होता. पाऊस, पडका वाडा, खलनायकाचं भाषण. मी हरले. पुन्हा तोच कटसीन, आणि तो पुढे ढकलायला बटण नाही. सातव्यांदा ते भाषण ऐकताना मला त्या माणसाच्या दुःखाबद्दल काडीचीही आस्था उरली नव्हती. लिहिणाऱ्याने जीव ओतून लिहिलेली वाक्यं, नटाने मनापासून म्हटलेली वाक्यं, आणि ती माझ्यासाठी शिक्षा झाली होती. माझ्या त्या रात्रीच्या साठ मिनिटांतली जवळजवळ अर्धी बघण्यात गेली. मी संतापले ते हरल्यामुळे नाही. हरायला माझी हरकत नसते.

त्याच गेममध्ये पुढे नायक एका माणसाला मारतो आणि नंतर गुडघ्यांवर बसून रडतो. त्या जागी येईपर्यंत मी, त्याच्याच हातांनी, किमान दोनशे माणसं मारली होती आणि प्रत्येकामागे मला गुण मिळाले होते. मग तो नेमका कुणासाठी रडला? या दुभंगाला नावही आहे. क्लिंट हॉकिंग या कॅनेडियन गेमकाराने २००७ साली ‘बायोशॉक’वर टीका करताना ‘लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ हा शब्द वापरला. त्याचं म्हणणं असं, की खेळाचे नियम मला सांगतात स्वतःचं बघ, ताकद मिळव; गोष्ट मात्र मला दुसऱ्याला मदत करायला लावते आणि तिथे नाही म्हणायची सोय ठेवत नाही. शब्द अवजड आहे, पण आपल्याकडचा कीर्तनाचा श्रोता हे जाणतो: बुवा निरूपणात वैराग्य सांगतात आणि आरतीच्या वेळी बिदागीवरून भांडतात, तेव्हा श्रोत्याच्या मनात जे होतं ते हेच.

म्हणून माझं मत असं झालंय की गेममधला वैताग आणि गेममधली गोष्ट हे दोन विषय नाहीत. दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: माझ्या हाताला काही अर्थ आहे का? हाताला अर्थ असेल तर मी शंभर वेळा मरायला तयार आहे.

याची साक्ष ‘सेलेस्ते’ने दिली. २०१८ चा गेम. मॅडलीन नावाची मुलगी एक डोंगर चढते, एवढंच. पण हा डोंगर इतका कठीण आहे की एकेका पडद्यावर तीस-चाळीसदा पडणं नेहमीचंच. तरी राग येत नाही, कारण पडल्यावर क्षणात आपण त्याच पडद्याच्या सुरुवातीला उभे असतो. ना भाषण, ना वाट बघणं. शिवाय करणाऱ्यांनी आपल्या बाजूने गुपचूप काही सवलती पेरून ठेवल्यात. कड्यावरून पाय निसटला तरी त्यानंतरच्या एका निमिषात उडीचं बटण दाबलं तर उडी लागू होते. व्यंगचित्रपटातला कोयोटी कड्याबाहेर हवेत धावतो आणि खाली बघितल्यावरच पडतो, त्याच्यावरून याला कोयोटी टाइम म्हणतात. बोटाला वाटतं, मी वेळेवर दाबलं होतं. आणि गेम म्हणतो, हो, दाबलं होतंस. कडक पण प्रेमळ मास्तर अर्धा गुण पदरचा देतात, तसं. ज्यांना तरीही जमत नाही त्यांच्यासाठी वेगळा पर्याय आहे: गेमचा वेग कमी करा, दम संपू नये अशी सोय करा, हवं तर न मरता खेळा. त्याबद्दल गेम कुणाला हिणवत नाही. अवघड गेम सोपा करून देणं म्हणजे कलेशी तडजोड, असं म्हणणारे खेळाडू मला भेटतात. त्यांना मी विचारते, हाताला कंप असलेल्या माणसाने डोंगराचं शिखर बघूच नये का?

आणि मग त्या डोंगरावर, दुसऱ्या प्रकरणात, आरसा येतो. आरसा फुटतो आणि मॅडलीनचीच एक काळोखी आकृती बाहेर पडून तिचा पाठलाग करू लागते. ती नेमकी आपल्याच वाटेने येते. आपण जिथे उडी मारली तिथे मारते, आपण जिथे कचरलो तिथे कचरते, फक्त काही क्षण मागून. त्यामुळे मी मागे वळले की माझ्याच आधीच्या पावलांवर आदळून मरते. मी ते खेळताना थांबले आणि खुर्चीतच मागे रेलले. माझी करंगळी दबली होती. पुढेही ती आकृती शत्रूसारखी वागत राहते. सहाव्या प्रकरणात दोघींचा समेट होतो, आणि त्याचं बक्षीस गोष्टीत नव्हे, बोटात मिळतं: हवेत झेपावण्याची सोय आजवर एकदाच होती, ती आता दोनदा मिळते. ज्या उंचीवर कधीच पोचता येत नव्हतं तिथे पोचता येतं. प्रिन्सनंतर जवळजवळ तीस वर्षांनी तोच आरसा, तीच म्यान केलेली तलवार.

आता पुढच्या परिच्छेदात एका गेमचा शेवट फोडते आहे. ‘ब्रदर्स’ खेळायचा असेल त्यांनी तो सोडून पुढे जावं.

२०१३ चा हा गेम जोसेफ फारेस या स्वीडिश चित्रपट दिग्दर्शकाने केला. दोन भाऊ आजारी बापासाठी औषध आणायला निघतात. कंट्रोलरच्या डाव्या काठीवर मोठा भाऊ, उजव्यावर धाकटा. दोघांना एकाच वेळी एकाच माणसाने चालवायचं. धाकट्याला पाण्याची भीती आहे, त्याची आई बुडून गेली. नदी आली की तो मोठ्याच्या पाठीला धरतो, आणि मोठा पोहतो तो आपल्या डाव्या बोटाने. शेवटाकडे मोठा भाऊ मरतो. धाकटा एकटा घरी निघतो, आणि वाटेत पुन्हा पाणी. उजवं बटण दाबून काही होत नाही. तो काठावरच घुटमळतो. डावं बोट कधीपासून रिकामं पडलेलं. मग कधीतरी आपण ते बटण दाबतो, मोठ्या भावाचं, आणि धाकटा पाण्यात उतरून पोहू लागतो. भावाचं बळ त्याच्यात आलं हे सांगायला एक शब्द लागत नाही. कादंबरीला हे करता येणार नाही, चित्रपटालाही नाही, कारण तिथे माझं डावं बोट रिकामं झालेलं नसतं. मी त्या रात्री साडेअकराला दादाला फोन केला. त्याला वाटलं घरी काही झालं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० साली आणलेल्या ‘राजी’तही एक जागा अशी आहे. राजी या मुलीचा भाऊ गोलू राक्षसांनी पळवलाय आणि ती त्याच्या शोधात आहे. दुर्गा आणि विष्णू तिच्याकडे बघत आपसांत बोलतात, त्यांच्या बोलण्यातून गोष्ट कळते. भिंतींवर पुराणातली चित्रं आहेत. तो सगळा थाट देखणा आहे. पण मला लक्षात राहिली ती चित्रांची फिरती कोडी. तुकडे फिरवत जुळवत गेलं की राजी आणि गोलूची जुनी आठवण तयार होते. बहीण आठवतेय असं नुसतं दाखवता आलं असतं. त्याऐवजी आठवणं हे काम माझ्या हातात दिलं, आणि जुळेपर्यंत मला त्या भावाचा चेहरा नीट दिसत नव्हता.

वैतागाचा एक प्रकार राहिलाच: हवा तिथे गेम सेव्ह न करू देणं. त्याचं समर्थन काही जण ‘त्याने ताण वाढतो’ असं करतात. त्यांचं म्हणणं मला पूर्ण अमान्य नाही, आणि तो वाद मोठा आहे. तो पुढच्या आठवड्यात.