जुना लायका : संग्राहकाचा आणि वापरणाऱ्याचा

- सुरुवात : विक्रीसाठीचा पहिला लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात. रचनाकार ओस्कार बार्नाक. फिल्मवरील चित्रचौकट २४ × ३६ मिमी.
- एम३ मॉडेल : १९५४. लेन्ससाठी आट्यांच्या माउंटऐवजी बायोनेट माउंट.
- विक्रमी किंमत : बार्नाक यांचा स्वतःचा, ०-मालिकेतील (विक्रीपूर्व चाचणीच्या मालिकेतील) १०५ क्रमांकाचा कॅमेरा. २०२२ च्या लिलावात १ कोटी ४४ लाख युरो.
- संग्राहक काय पाहतो : अनुक्रमांक, मूळ सुटे भाग, खोका, कागदपत्रे.
- वापरणारा काय पाहतो : शटरचा वेग, रेंजफाइंडरची अचूकता, लेन्सची स्वच्छता.
- कपाटातच राहिल्यास : वंगण घट्ट होते, शटरचे मंद वेग अडखळतात. दमट हवेत लेन्सला बुरशी लागते.
- घेण्यापूर्वी : प्रत्येक वेगावर शटर चालवून पाहावे. लेन्समध्ये टॉर्चचा उजेड टाकून काच तपासावी.