पन्नाशीनंतरचे यकृत

दुबई, शारजा किंवा अबुधाबी येथे नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत वार्षिक तपासणीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ असा यकृतात मेद साठल्याचा शेरा आला, म्हणजे तो बहुधा यजमानांच्या नावावर असतो. त्यांच्या आहाराचा जमाखर्च त्या दिवसापासून मांडला जातो, परंतु ज्या गृहिणीची पाळी नुकतीच गेली आहे, तिच्या यकृताची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. ही उपेक्षा मला फार चिंताजनक वाटते.

पाळी नियमित असेतो स्त्रीदेहावर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा अंमल असतो. यकृताची नवा मेद घडविण्याची प्रवृत्ती ते आवरते, शिल्लक चरबी नितंब व मांड्यांच्या त्वचेखाली, म्हणजे त्यातल्या त्यात निरुपद्रवी जागी वळविते, आणि यकृतात व्रणतंतू विणणाऱ्या पेशींनाही लगाम घालते. रजोनिवृत्तीबरोबर हा बंदोबस्त उठतो, आणि चरबी पोटाकडे सरकते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांची एकत्र छाननी करणाऱ्या विश्लेषणात स्त्रियांना फॅटी लिव्हर होण्याची जोखीम पुरुषांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी, पण तो जडल्यावर यकृत गंभीररीत्या तंतुमय होण्याची जोखीम ३७ टक्क्यांनी अधिक आढळली, आणि हा भार विशेषतः पन्नाशीपुढील स्त्रियांवर होता. टेस्टोस्टेरॉनची गोष्ट तर विलक्षणच: पुरुषात ते घटले तर यकृतात मेद वाढण्याचा संभव, आणि स्त्रीत ते वाढले, जसे पीसीओएस या बीजकोशांशी निगडित विकारात वाढते, तरीही तोच संभव.

आपली बाई अंगाने सडपातळ आहे, हेही समाधान पुरेसे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्यासह २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली होती: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, परंतु देहातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणूनच भारतीय स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरवर गेला की सावध व्हावे. त्यात आपल्याकडे पाळीही सरासरीने पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधीच जाते.

अमिरातीतील उन्हाळा मनुष्याला घर, मोटार आणि मॉल यांच्या थंडाव्यात कोंडून ठेवतो; चालणे घटते, गोड पिणे वाढते, आणि दोन्हींचा भार यकृतावर येतो. तेथील सरकारने २०१७ च्या ऑक्टोबरपासून कार्बनयुक्त शीतपेयांवर ५० टक्के अबकारी बसविली, ते योग्यच झाले. पण घरच्या चहातील साखरेवर कोणत्याही सरकारची अबकारी नसते.

रक्ताच्या अहवालात एएलटी हे यकृताचे विकर ‘नॉर्मल’ छापले असले, तरी स्त्रियांसाठी त्याची निरोगी मर्यादा पुरुषांहून खाली असते, हे ध्यानी ठेवावे. वय, एएसटी हे दुसरे विकर, एएलटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून यकृताच्या तंतुमयतेचा अंदाज देणारा ‘फिब-४’ हा निर्देशांक निघतो. तो डॉक्टरांकडून काढवून घ्यावा, पाळी कोणत्या वर्षी गेली ते आपणहून सांगावे, आणि निर्देशांक शंकास्पद निघाल्यास यकृताचा ताठरपणा मोजणारे फायब्रोस्कॅन करवून घ्यावे. वजन ५ टक्क्यांनी उतरले तरी यकृतातील मेद घटतो, आणि १० टक्के उतरले तर व्रणतंतूही मागे हटू शकतात; सत्तर किलो वजनाच्या गृहिणीसाठी हा हिशेब सात किलोंचा आहे.