जट : देवीची खूण कीं केंसांचा गुंता?

आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां लहान आहे. परंतु ज्या घरांतील मुलीच्या डोक्यांत जट दिसूं लागते, त्या घराची झोंप उडते. "देवीचें बोलावणें आलें," असें कोणीतरी म्हणतें आणि त्या दिवसापासून त्या डोक्याला फणी लागत नाहीं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यालगत, पैनगंगेपलीकडे, माहूरगडावर रेणुकामातेचें स्थान आहे. कर्नाटकांत सौंदत्तीस यल्लम्मा आहे. या देवतांवरील भक्तीविरुद्ध मला एक शब्दहि बोलावयाचा नाहीं. जट कां होते, तिच्यामुळें केंसांच्या मुळांचें काय होतें आणि ती कशी टाळावी, एवढेंच सांगावयाचें आहे.

माणसाच्या डोक्यावर सुमारें एक लाख केंस असतात. प्रत्येक केंस महिन्याकाठीं सुमारें एक सेंटिमीटर वाढतो आणि कांहीं वर्षांनीं गळून पडतो. निरोगी माणसाचेहि रोज ५० ते १०० केंस असे गळतात. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं केंस धरला, तर त्यावर घराच्या कौलांप्रमाणें एकावर एक बसलेले बारीक खवले दिसतात. केंस कोरडा पडला किंवा फार घांसला गेला म्हणजे हे खवले उभे राहतात व शेजारच्या केंसांत अडकतात. विंचरणें बंद असलें, तर गळालेला केंसहि बाहेर न पडतां तेथेंच गुंततो. त्यांत घाम, तेल व धूळ बसते आणि लोंकर दाबून जसा नमदा करतात, तसा केंसांचा नमदा तयार होतो. यासच आपण जट म्हणतों. दीर्घ आजारांत अंथरुणास खिळलेल्या किंवा बाळंतपणांत दिवसेंदिवस वेणी न घातलेल्या स्त्रियांच्या डोक्यांत ती विशेषेंकरून कां दिसते, हें यावरून ध्यानांत येईल.

जट माणसाच्या हातानेंहि होते, याला आपल्याच ग्रंथांत आधार आहे. वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडांत, गुहानें आणविलेला वडाचा चीक लावून रामलक्ष्मणांनीं जटा वळल्या, असें वर्णन आहे. हा प्रकार केवळ आपल्या देशांतलाच आहे असेंहि नाहीं. पोलंड देशांत जट इतकी आढळे कीं, युरोपांतील वैद्यांनीं तिला त्या देशाचेंच नांव दिलें. जट कापली तर रोग आंत शिरेल, आंधळेपणा किंवा वेड येईल, अशी तेथील लोकांची समजूत होती. क्राकोव येथील प्राध्यापक डॉ. युझेफ डीटल यांनीं एकोणिसाव्या शतकांत या समजुतीविरुद्ध मोठी खटपट केली. पुढें १८६६ पासून १८७४ पर्यंत ते त्या शहराचे नगराध्यक्ष होते. स्वच्छता व शिक्षण वाढलें, तशी तेथील जट मागें पडली.

आतां मुळांविषयीं. जटेचें ओझें शेवटीं मुळांवरच पडतें. ती भिजली म्हणजे तें आणखी वाढतें. सतत ओढ बसल्यानें प्रथम कपाळाच्या व कानशिलांच्या कडेचे केंस विरळ होतात. डोकें ठणकतें, मुळाशीं बारीक पुटकुळ्या येतात. याच वेळीं ओढ काढली, तर केंस बहुधा पुन्हां येतात. तीच ओढ वर्षानुवर्षें राहिली, तर मुळाच्या जागीं वण होऊन तेथें केंस कायमचे उगवत नाहींत. शिवाय मान दुखते, आंतील ओल सुकत नाहीं, आणि उवा व खरूज यांना आयतें घर मिळतें.

उपाय साधा आहे. केंस नियमित धुवावेत, पूर्ण वाळवावेत, आणि रोज विंचरावेत. आजारी माणसाचे केंस दुसऱ्यानें विंचरून सैल वेणी घालावी. गुंता कोवळा असेल, तर भरपूर खोबरेल मुरवून तो प्रथम बोटांनीं, मग रुंद दातांच्या कंगव्यानें, टोंकाकडून मुळाकडे थोडा थोडा सोडवावा. मुळापासून ओढूं नये. जट जुनी असेल, तर ती कात्रीनें कापणें हाच मार्ग. त्वचेबाहेरचा केंस निर्जीव असतो. तो कापल्यानें रक्त येत नाहीं कीं वेदना होत नाहींत. त्वचेवर फोड असतील, तर आधीं डॉक्टरांस दाखवावें.

अलीकडे शहरांतील कांहीं तरुण हौसेनेंहि जटा राखतात. त्यांनीं डोक्याची त्वचा धुवून जटा आंतपर्यंत वाळवाव्यात, त्या घट्ट बांधूं नयेत, मुळाशीं वारंवार पिळूं नयेत, आणि फार जड झाल्यास आंखूड कराव्यात.

परंतु कात्रीपेक्षां अवघड काम मनांतील भीति काढण्याचें आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं १९८९ मध्यें स्थापिलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हें काम करीत आले आहेत. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनीं दोनशेंहून अधिक स्त्रियांना जटेपासून मोकळें केलें आहे. अशा कामांत आधीं तासन्‌तास समजूत घालावी लागते. कारण जट काढल्यावर घरांत कोणास साधा ताप आला, तरी दोष त्या स्त्रीच्याच माथीं येतो. जट म्हणजे देवीची खूण मानून मुली देवीला सोडल्या गेल्या, हाहि आपला इतिहास आहे. मुलगी देवास वाहणें हा महाराष्ट्रांत २००५ च्या देवदासी प्रथा निर्मूलन कायद्यानें गुन्हा आहे.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांना माझी एवढीच विनंती आहे. आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईच्या किंवा शेजारच्या मुलीच्या डोक्यांत जट दिसली, तर हंसूं नका आणि रागावूंहि नका. तिच्याजवळ बसा, घरच्या वडीलधाऱ्यांशीं बोला, तिची संमति मिळवा, आणि मगच कात्री हातीं घ्या. देवीची भक्ति मनांत राहते. तिला गुंतलेल्या केंसांचा आधार लागत नाहीं.