भाषाशिक्षणातील यंत्रसाधने : परितेवाडीचा प्रयोग

पुणे-सोलापूर महामार्गावरील टेंभुर्णी ज्या माढा तालुक्यात मोडते, त्याच तालुक्यात परितेवाडी हे लहान गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापून त्याद्वारे कवितांचे ध्वनिमुद्रण, गोष्टी व चित्रफिती मुलांपर्यंत पोचविण्याचा प्रयोग त्यांनी केला. २०१७ मध्ये राज्य शासनाने ही पद्धत राज्यातील पाठ्यपुस्तकांसाठी स्वीकारली. २०२० मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

या साधनाचे भाषाशिक्षणातील मर्म कोणते? १९९४ मध्ये जपानात तयार झालेल्या या काळ्यापांढऱ्या चौकटीत ध्वनी साठविलेला नसतो. तेथे असतो तो बहुधा केवळ पत्ता. त्या पत्त्यावरून फोन ध्वनिमुद्रण मिळवितो. म्हणजे छापील पानाला वाचा फुटते, आणि लिपीत जे उमटत नाही ते ऐकू येते. 'जग' हा शब्द पाहावा. विश्व या अर्थी त्यातील 'ज' तालव्य आहे. 'तू जग' या आज्ञेत तो दंततालव्य आहे. 'चार' ही संख्या आणि 'गुरांना चार' यांतील 'च' असाच भिन्न आहे. लेखनात हा भेद दिसत नाही. तो कानानेच शिकावा लागतो.

तथापि यंत्र बोलते, पण मुलाचे बोलणे जाणून घेत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम पुस्तक मिटून कविता ऐकावी, नंतर ओळीवर बोट ठेवून ऐकावी, मग मुलाने स्वतः म्हणावी आणि शिक्षकाने ती लक्षपूर्वक ऐकावी. केवळ ऐकण्यावर थांबल्यास ध्वनिमुद्रण हे करमणुकीचे साधन होते. फोन पालकांबरोबर शेतावर जात असेल, तर हे श्रवण शाळेतच करविणे इष्ट होय.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. ध्वनिमुद्रणातील भाषा सामान्यतः प्रमाण असते. मूल मात्र घरी 'पाणी'ला 'पानी' म्हणत असेल. हे रूप चूक म्हणून हिणविले, तर मूल बोलणेच सोडून देते, आणि बोलणे सोडलेल्या मुलाला कोणतेही यंत्र भाषा शिकवू शकत नाही. घरची बोली राखून तिच्या जोडीला प्रमाणरूप देणे हे शिक्षकाचेच कार्य होय. साधन त्याला केवळ साहाय्य करते.