पतिपत्नी आणि मालिकांचें नवें पर्व

धर्मकार्यांत पत्नीवांचून पतीचें चालत नाहीं, हें आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक असतें. घरीं सत्यनारायण असला म्हणजे यजमानांच्या शेजारीं पत्नी बसते, संकल्पाच्या वेळीं त्यांच्या हाताला आपला हात लावते, आणि तेवढ्या स्पर्शानें पुण्याची वांटेकरीण होते. व्रत, दान, तीर्थयात्रा ह्या सर्वांत ही जोडी शास्त्रानें मान्य केली आहे. परंतु दोघांनीं मिळून करमणूक करावी, एकाच गोष्टीकडे पाहून एकाच वेळीं हंसावें, ह्यासाठीं जुन्या एकत्र कुटुंबांत जागाही नव्हती आणि वेळही नव्हता. वडील मंडळींसमोर पतीशीं दोन शब्द बोलण्याची जेथें सुनेला चोरी, तेथें शेजारीं बसून खेळ पाहण्याची गोष्ट कशाला? दोघें नाटकाला गेलींच तरी स्त्रियांची बसण्याची सोय निराळी असे. नाटक एक, पण तें पाहावयाचें दोन ठिकाणीं. आणि त्याविषयीं बोलणें झालेंच तर तें रात्रीं दिवा मालवल्यावर, हलक्या आवाजांत.

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांनीं १८७३ सालीं विवाह झाल्यावर अकरा वर्षांच्या रमाबाईंना शिकविण्यास आरंभ केला. त्यापायीं घरांतील बायकांचा रोष त्या मुलीनें किती सोसला, हें रमाबाईंनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत सांगितलें आहे. रोष शिक्षणावर होता, हें खरें. पण त्याच्या मुळाशीं आणखीही एक कारण असावें असें आम्हांस वाटतें. पुस्तकाच्या निमित्तानें तीं दोघें एकत्र बसत, आणि त्यांच्यांत असा एक विषय उत्पन्न होई कीं, ज्यांत घरांतील इतर कोणालाही वांटा नव्हता. हा परका, घराबाहेरचा विषयच एकत्र कुटुंबांतील नवराबायकोंना मिळत नाहीं. त्यांचें बोलणें व्हावयाचें तें मुलांच्या फीचें, सासूबाईंच्या गुडघ्यांचें, धाकट्या दिरासाठीं पाहिलेल्या स्थळाचें. तीं सारीं बोलणीं आवश्यक असतात, परंतु त्यांत दोघांचें म्हणून असें कांहीं नसतें.

हा विषय घरबसल्या मिळण्याची सोय पुढें एका यंत्रानें केली. आपल्या देशांत दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस झाला आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पुढें सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि पुण्याच्या वाड्यांतूनही पडदा उजळूं लागला. त्या काळच्या बैठकीची मांडणी ज्यांनीं पाहिली आहे त्यांना ती विसरतां येणार नाहीं. आजोबांची आरामखुर्ची अगदीं समोर, मुलगे भिंतीला टेकून, पोरें सतरंजीवर, शेजारपाजारचीं मंडळी दारापर्यंत, आणि सुना स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर उभ्या, एक कान पडद्याकडे आणि एक कुकरच्या शिट्टीकडे. चिं. वि. जोशी ह्यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे ह्यांनीं पडद्यावर आणलें, तेव्हां सारें घर हंसलें; त्या हंसण्यांत उंबरठ्यावरची सूनही मोकळेपणानें सामील झाली, आणि कोणी तिच्याकडे वळून पाहिलें नाहीं. उंबरठ्यावरून सतरंजीवर आणि सतरंजीवरून पतीच्या शेजारच्या खुर्चीवर येण्यास तिला किती वर्षें लागलीं, ह्याची नोंद कोणीं ठेवलेली नाहीं. पुष्कळ घरीं ही वाटचाल कोणत्याही भांडणावांचून झाली, एवढें मात्र आम्हीं पाहिलें आहे. सगळ्यांचे डोळे पुढें लागलेले असले म्हणजे कोण कोणाशेजारीं बसलें आहे हें कोण पाहणार?

मालिका सुरू झाल्या तेव्हां दूरदर्शनवर त्यांचें माप तेरा भागांचें असे. आठवड्यास एक भाग, म्हणजे एक मालिका तीन महिन्यांची. ती लोकांना रुचली तर आणखी तेरा. त्यामुळें दर तिमाहीस ‘आतां नवें काय येणार?’ ही उत्सुकता घरोघर असे. १९८४ सालच्या ‘ये जो है जिंदगी’ मध्यें शफी इनामदार आणि स्वरूप संपत ह्यांनीं एका तरुण जोडप्याचा संसार रंगविला. लहानसहान कुरबुरी, मध्येंच टपकणारा मेहुणा, आणि दर भागांत निराळें सोंग घेऊन येणारे सतीश शहा, एवढेंच तिचें भांडवल. पण पडद्यावरील नवरा बायकोची समजूत काढूं लागला म्हणजे पडद्यासमोरची बायको आपल्या नवऱ्याकडे सूचक दृष्टीनें पाही. जें बोलणें एरवीं वादाला कारण झालें असतें तें अशा वेळीं थट्टेंत निभावून जाई.

ह्याहून आमच्या मंडळींना जवळचें वाटलें तें वागळ्यांचें घर. ‘वागळे की दुनिया’ १९८८ सालीं सुरू झाली. तिची कल्पना व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण ह्यांची आणि दिग्दर्शन कुंदन शहा ह्यांचें. वागळे म्हणजे मुंबईतील एका कंपनींतला साधा कारकून. तें काम करणारे अंजन श्रीवास्तव जन्मानें कलकत्त्याचे. पण पिशवी घेऊन घरीं परतणारा त्यांचा वागळे पाहून, हे गिरगांवांतच वाढले असावेत, अशी खात्री कित्येकांनीं करून घेतली होती. पत्नी राधिका झाल्या होत्या भारती आचरेकर, म्हणजे गायिका माणिक वर्मा ह्यांच्या कन्या. त्या मालिकेंत मोठें असें कांहीं घडत नसे, आणि हाच तिचा मोठा गुण होता. अर्ध्या तासानें संच बंद झाला तरी पाहणाऱ्या दोघांचें बोलणें बंद होत नसे, कारण वागळ्यांची अडचण ती आपली अडचण.

पुढें एक मौज झाली. ८ फेब्रुवारी २०२१ पासून तीच मालिका नव्या रूपानें सोनी सब वाहिनीवर आली, आणि श्रीवास्तव व आचरेकर हींच दोघें पुन्हा वागळे पतिपत्नी म्हणून अवतरलीं. मात्र आतां तीं आजीआजोबा होतीं. संसाराचा भार मुलगा राजेश आणि सून वंदना, म्हणजे सुमीत राघवन आणि परिवा प्रणती, ह्यांच्याकडे गेलेला. मध्यें तेहेतीस वर्षें लोटलीं होतीं. १९८८ सालीं नवी सून म्हणून संकोचानें बसलेल्या बाई आतां स्वतः सासू झाल्या होत्या. पडद्यावरचीं आणि पडद्यासमोरचीं, दोन्ही जोडपीं एकाच मापानें म्हातारीं झालेलीं. नटनट्या वयानें वाढतात हें आपण जाणतोंच. पण कथेंतील माणसें आपल्याबरोबर वाढलेलीं पाहण्याचा योग फार थोड्यांच्या वांट्यास येतो.

ह्या दोहोंच्या मधल्या काळांत खासगी वाहिन्या आल्या आणि तेरा भागांचें माप मोडलें. मालिका रोजची झाली, आणि शेंकडों भाग चालूं लागली. ह्या रोजच्या मालिकांविषयीं आमचें मत फारसें अनुकूल नाहीं. सासुसुनांचीं कारस्थानें, विनाकारण लांबलेलें मौन, एकाच थपडेचे तीन वेळां घुमणारे पडसाद, ह्यांनीं पुष्कळ घरांत बायका पडद्यासमोर आणि पुरुष वर्तमानपत्रामागें, अशी जुन्या नाटकगृहासारखीच वांटणी पुन्हा झाली. तरी एक गोष्ट कबूल करावयास हवी. वाईट मालिकाही दोघांनीं मिळून पाहिली तर तिच्यापासून चांगली करमणूक होते. नायिका दागिने घालून झोंपते कशी, ह्या घरांतील कोणी कामावर कसें जात नाहीं, अशा शंका काढून मनसोक्त हंसणारीं जोडपीं आमच्या पाहण्यांत आहेत. त्यांना ती मालिका बंद पडली तेव्हां खरोखर चुकल्यासारखें झालें.

वर्तमानपत्रामागील पुरुषांनाही बाहेर ओढणारी एक मालिका त्या काळांत आली, ती ‘उंच माझा झोका’. २०१२–१३ सालीं झी मराठीवर चाललेली ही मालिका रमाबाई रानड्यांच्या आयुष्यावर होती. लहानपणची रमा तेजश्री वालावलकर हिनें, मोठेपणची स्पृहा जोशी ह्यांनीं, आणि न्यायमूर्ति विक्रम गायकवाड ह्यांनीं उभे केले. घरांतील वडील मंडळी रमाबाईंचें पुस्तक वाचलेली. त्यामुळें हें असें घडलें होतें कीं नव्हतें, ह्यावर जेवणाच्या पानावर वाद होत, आणि कपाटांतून पुस्तक खालीं काढलें जाई. ज्या घरांत मुलीनें अक्षर गिरविलें म्हणून तिच्यावर डोळे वटारले गेले, त्या घराची कथा आपल्याकडे सासू, सून आणि मुलगा एका ओळींत बसून पाहत होतीं.

आतां काळ आणखी पुढें गेला आहे. अमेरिकेंत सप्टेंबर महिना आला कीं नव्या मालिकांचा हंगाम सुरू होतो, ही तेथील जुनी चाल. १ फेब्रुवारी २०१३ रोजीं नेटफ्लिक्स कंपनीनें ‘हाऊस ऑफ कार्ड्‌स’ ह्या मालिकेचे एका हंगामाचे सारे तेरा भाग एकदम प्रसिद्ध केले, आणि जानेवारी २०१६ मध्यें ती कंपनी आपल्याकडेही आली. इंग्रजींत ज्याला ‘सीझन’ म्हणतात त्याला मराठीनें ‘पर्व’ हा महाभारतांतला शब्द दिला, ह्याचें आम्हांस कौतुक वाटतें. पर्व संपलें तरी कथा संपलेली नसते, हें आमच्या वाचकांना निराळें सांगावयास नको.

अशा पर्वांनीं येणाऱ्या मालिकांपैकीं ‘पंचायत’ पुष्कळ घरीं दोघांनीं मिळून पाहिली. तिचीं पर्वें एप्रिल २०२०, मे २०२२, मे २०२४ आणि जून २०२५ अशीं आलीं. उत्तर प्रदेशांतील फुलेरा गांवीं निवडून आलेली प्रधान आहे मंजूदेवी, पण कारभार पाहतो तिचा नवरा. हीं दोन कामें नीना गुप्ता आणि रघुवीर यादव ह्यांचीं; एक १९८५ च्या ‘खानदान’ मधल्या, दुसरे १९८९ च्या ‘मुंगेरीलाल’ मधले. म्हणजे जुन्या प्रेक्षकांची दोघांशींही ओळख दूरदर्शनपासूनची. पहिल्या पर्वाच्या शेवटीं मंजूदेवी राष्ट्रगीत पाठ करून स्वतः झेंडावंदन करते, तेथें कित्येक घरीं पुढचा भाग लावण्याचें राहून गेलें आणि वाद रंगला. महाराष्ट्रांत ग्रामपंचायतींतील निम्म्या जागा २०११ सालीं स्त्रियांसाठीं राखीव झाल्या; तेव्हां हा प्रश्न कांहीं फुलेऱ्याचाच नाहीं. अमक्या गांवीं सही बाईंची आणि हुकूम नवऱ्याचा, अशीं उदाहरणें पति देऊं लागले, तों पत्नीनें विचारलें, ‘आणि आपल्या बँकेच्या कागदांवर माझ्या सह्या कोण सांगेल तेथें होतात?’ कामावरून आल्यावर असा प्रश्न कोणी एरवीं विचारला असता तर कठीणच होतें.

परंतु सर्व भाग एकदम हातीं आल्यानें एक नवी कुरबूर जन्मास आली आहे. पति प्रवासांत मोबाईलवर दोन भाग पुढें पाहून येतो आणि रात्रीं शेजारीं बसून, कांहीं ठाऊक नसल्यासारखा चेहरा करतो. हा चेहरा पत्नीला फसवीत नाहीं. आमच्या मतें ही साधी गोष्ट नव्हे. पूर्वीं दोघांना एकत्र बसूं न देणारी वडील मंडळी होती. आतां तीं निजावयास गेलीं, दार लागलें, आणि दोघांच्या हातांत दोन पडदे, कानांत दोन निराळे आवाज, अशी स्थिति पुष्कळ घरीं आहे. जो एकांत रमाबाईंना बोलणीं खाऊन मिळवावा लागला तो आयता मिळालेला असतांना आपण तो दोन तुकड्यांत वांटून घ्यावा, हें आम्हांस समजत नाहीं. ज्याला एकट्यानें पाहावयाचें त्यानें हजार गोष्टी पाहाव्या. पण निदान एक मालिका अशी असावी कीं, दुसऱ्यावांचून तिचा भाग लावावयाचा नाहीं. ती चांगलीच असली पाहिजे असेंही नाहीं.

आमच्या माहितींतील एका घरीं हा नियम फार दिवसांचा आहे. तेथील पति निवृत्त झाले, आणि त्यांना अलीकडे ऐकूं कमी येतें. पडद्यावर कोणी भरभर बोललें कीं पत्नी रिमोटनें चित्र थांबवितात आणि तें वाक्य त्यांच्या कानाशीं मोठ्यानें सांगतात. सांगतांना आपलेंही एखादें वाक्य त्यांत घालतात, असा सुनेचा संशय आहे. मग पति त्यावर आपलें मत देतात, पत्नी तें खोडून काढतात, आणि चित्र पुन्हा चालूं होतें. अर्ध्या तासाचा भाग संपावयास त्यांना सव्वा तास लागतो. म्हणून नवें पर्व लागलें म्हणजे बाकीचें घर तें दोन रात्रींत संपवून मोकळें होतें, आणि ह्या दोघांना मात्र तें महिनाभर पुरतें.